उनाईराव जेवत नाहीत

देवपूर, धुळे
बुधवार, १० जून २०२६

प्रिय पुनी,

आशीर्वाद.

हे पत्र रुपचंदच्या हाती देतोय. तू आणि नेरेआ शुक्रवारी सकाळी मुंबईला उतराल तेव्हा आपली गाडी घेऊन तो बाहेर उभा असेल. मी स्वतः येतो म्हणालो होतो, पण येत नाही. का ते पुढे लिहितो. आधी पोरीला काहीतरी खायला घाल. कसारा घाट चढेपर्यंत ती झोपेलच, मग वाच. तिच्या देखत वाचू नकोस.

तुला शेवटचं पत्र लिहिलं ते तू होस्टेलला होतीस तेव्हा. आता पत्र कोण लिहितं? पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी खोटं बोलून मोकळा होतो. लहानपणापासूनची खोड आहे. तीन दिवस तेच चाललंय. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

आबांची तब्येत ठीक. साखर थोडी वाढली आहे, गोड सोडत नाहीत. कपाशी ठिबकवर लावून झाली, उगवण चांगली आहे. तापीकाठच्या मळ्यातली केळी मागच्या वादळात निम्मी आडवी झाली, उरलेली उभी आहे. आमच्या भूमिकाचे दहावीचे जादा तास सुरू झाले. कामिनी माहेरी पहूरला जाणार होती, गेली नाही.

आणि मी हे गावी बसून लिहीत नाहीये. देवपूरला, तुझ्याच घरात, तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलोय. तुळशीला पाणी घातलं. समोर फ्रीजवर तू चिकटवलेला कागद आहे, ज्याची दुसरी प्रत जाताना माझ्या हातात दिली होतीस. गोळ्या सकाळी आठ, रात्री आठ. फाटकाला कडी. मोठ्याने बोलायचं नाही. बॉल दिसेल असा ठेवायचा नाही. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं: "जेवले नाहीत तर मागे लागू नका. रुसले नाहीत ते, विसरले आहेत."

उनाईरावांना बारा दिवस सांभाळ, एवढंच तू मागितलं होतंस. बारा दिवसांत मी स्पेनहून त्यांच्या पोरीला घेऊन येते, त्यांना अजून तिचं नाव आठवतंय तोवर तिला त्यांच्यासमोर उभी करते, मग पुढचं पुढे. मी म्हणालो होतो, बारा काय, बारा महिने ठेव.

पुनी, सरळ लिहितो. उनाईराव इथल्या दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत. हे आधी वाचून घे, पाणी पी, मग पुढचं वाच.

तू म्हणशील, मुद्द्यावर ये. येतो. पण मला हे पहिल्यापासून सांगावं लागेल, नाहीतर मी नुसतं रविवारचं सांगेन आणि ते अपघातासारखं दिसेल. अपघात नव्हता तो.

तू गोव्याहून फोन केलास की लग्न करतेय, मुलगा स्पेनचा, फुटबॉल खेळतो, चौतीस वर्षांचा, घटस्फोट झालेला, तिकडे एक मुलगी आहे, तेव्हा घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. सगळ्यात जास्त बोललो तो मीच. टीमच्या खेळाडूंचे पाय चोळायला तुला शिकवलं का, असंही म्हणालो होतो. फिजिओथेरपी म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तसंच बोललो असतो. मग तू त्यांना घेऊन आलीस. एवढा उंच माणूस आमच्या दारातून वाकून आत आला आणि आबांच्या पायाला हात लावला. आबांनी विचारलं, नावाचा अर्थ काय. तू सांगितलंस, त्यांच्या जुन्या भाषेत उनाई म्हणजे गुरं राखणारा. आबा खाटेवर सरळ झाले. "गुराखी? हाऊ तर आपलामाधलाच शे." संपलं. तिथून ते आबांचे झाले, आणि आठ दिवसांत माझेही.

त्यांनी मला सगळं सांगितलंय, तुला वाटतं त्याहून जास्त. केळीच्या बांधावर बसून, अर्धं मराठीत, अर्धं हातांनी. बिल्बाओजवळच्या एका लहान गावचा लोहाराचा मुलगा. सतराव्या वर्षी व्यावसायिक झाले. पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत, चार संघ बदलून. वरच्या श्रेणीत अख्ख्या आयुष्यात अकरा सामने. ते अकराही त्यांना दिवसवार पाठ होते. पाय साधारण होता, असं ते स्वतःच म्हणायचे. डोकं होतं. येईल तो बॉल डोक्यानं परतवायचा, हीच नोकरी. सरावात दिवसाला शंभर-शंभर. त्या एका गोलचा व्हिडिओ, शेवटच्या मिनिटाला, पावसात, ज्यानं त्यांचा संघ खाली घसरण्यापासून वाचला, तो आपल्या गावात कोणाच्या मोबाइलमध्ये नाही?

आणि नेरेआचंही सांगितलं होतं. ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा ते तीनशे किलोमीटरवर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले होते, मैदानात उतरलेही नाहीत. पहिलं लग्न असंच मोडलं, भांडण न होता, नुसतं गावं बदलून बदलून. तिच्याशी त्यांनी कधी नीट बोलून घेतलं नाही, हे त्यांच्या मनात फार होतं. "नंतर बोलेन," असं म्हणत राहिलो, म्हणाले. "नंतर" हा शब्द त्यांनी मराठीत अगदी स्वच्छ उच्चारला होता.

आता माझं. मला कोण ओळखत होतं गं? लोटन आबांचा मुलगा, बी.ए.ला दोनदा बसलेला. तुझ्या लग्नानंतर मी उनाईचा मेव्हणा झालो. शिरपूरला मुलांना फुटबॉल शिकवायची नोकरी घेऊन तुम्ही देवपूरला राहायला आलात, मग तर काय, माझी चंगळ झाली. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, पोळ्याला, मी त्यांना घेऊन जायचो. मी बॉल फेकायचो, ते डोक्यानं वर उडवत राहायचे, लोक मोजायचे. पन्नास, साठ, एकदा एकशे चौदा. माईकवर मी असायचो. "जावयाचं डोकं" म्हणून ओरडायचो आणि लोक टाळ्या पिटायचे. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. परत येताना गाडीत ते कपाळ दाबून धरायचे आणि मी म्हणायचो, चहा घेऊ या, चहानं उतरेल.

मागच्या धोंड्याचं आठवतं? २०२३, अधिक श्रावण. कामिनीनं पुरणाचे धोंडे केले होते, ताटाभोवती रांगोळी, तुम्ही दोघं पाटावर. दोन घास खाल्ले आणि उनाईराव उठले. बोलले नाहीत, हात धुतला नाही, जाऊन फाटकापाशी उभे राहिले. सगळ्यांना एकच सुचलं, जावई रुसले. काही कमी पडलं असेल. आबांनी मला तेव्हाच्या तेव्हा शिरपूरला पिटाळलं, मी अंगठी घेऊन आलो. ती त्यांच्या बोटात घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आबा म्हणाले, बघा, रुसवा निघाला. बायका हसल्या. मी पण हसलो. त्या वेळी त्यांना आपण कुठे आहोत ते आठवत नव्हतं, घराकडचा रस्ता कुठला ते शोधत ते फाटकात उभे होते, हे तू आम्हाला दीड वर्षानं सांगितलंस. आम्ही अंगठी घातली.

मग मुंबईचे डॉक्टर, तपासण्या. इतकी वर्षं डोक्यावर घेतलेल्या बॉलनं मेंदू आतून झिजला, एक्केचाळिसाव्या वर्षी सत्तरीचा झाला, असं तू फोनवर सांगितलंस. बॉल आता डोक्याला लागता कामा नये, म्हणालीस. मी हो म्हणालो. त्या दिवाळीला तू किराणा आणायला बाजारात गेली होतीस, तेव्हा पाहुण्यांपुढे मी त्यांना वीस करायला लावले. वीसच, असं मनाशी म्हणालो. हे तुला आजपर्यंत माहीत नव्हतं.

—

दुपार झाली. दवाखान्यात जाऊन आलो. पुढचं लिहितो.

तू गेलीस त्या दिवसापासून चार-पाच दिवस छान गेले, खरंच. सकाळी उठले की खिशातला नेरेआचा फोटो काढायचे आणि मला विचारायचे, "नेरेआ?" मी बोटं दाखवायचो, दहा. मग नऊ. मग आठ. तेही बोटं दुमडून बघायचे. नाव एकदाही चुकले नाहीत. कामिनीला ते "आई" म्हणत होते, मला कधी "भाऊ", कधी त्यांच्या संघातल्या कुठल्याशा माणसाच्या नावानं हाक मारायचे, पण नेरेआ म्हणजे नेरेआच. संध्याकाळी आबांबरोबर ओट्यावर बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून म्हणायचे, "कसं काय भाऊ, बठ्ठं बरं शे ना?" मला वाटलं, बारा दिवस सहज निघतील.

शुक्रवारपासून जेवण सोडलं. ताटाकडे बघायचे, बाजूला सरकवायचे आणि एकच शब्द, "बॉल". बॉल मी माळ्यावर कापसाच्या गोण्यांमागे टाकला होता. मी म्हणालो, बॉल नाही. दूध घेतलं थोडं. शनिवारी तेही नाही. तुला फोनवर सांगितलं की जेवले, कारण तू तिकडे कोर्टाच्या आणि पासपोर्टच्या कागदांत अडकली होतीस.

रविवारी आपण धोंडे ठरवले होते. तू म्हणाली होतीस, करा, पण साधं करा. आबा ऐकतात का? तेहेतीस अनारसे, नवीन टॉवेल-टोपी, चांदीची वाटी. तू नव्हतीस म्हणून तुझ्या पाटावर नारळ ठेवला. भूमिकानं त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांनीच दिलेली ती लाल जर्सी घातली होती, त्यांच्या जुन्या संघाची. ताट वाढलं. उनाईरावांनी ते हातानं लोटलं आणि म्हणाले, "बॉल."

आबा खाटेवरून म्हणाले, "धोंडाना महिनामा जवाई उपाशी ऱ्हायना, ते आपला घासले काय अर्थ शे? बॉलच मांगी ऱ्हायना ना? सोनं ते मांगत नही. दी टाक."

कामिनी म्हणाली, नका हो, पुनमताईंनी लिहून दिलंय. आबा म्हणाले, जावई या महिन्यात नारायण असतो, नारायणाला नाही म्हणायचं नसतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

आबांच्या नावावर हे टाकून मी सुटू शकतो. आबाही तेच म्हणताहेत, मीच सांगितलं, त्याची चूक नाही. पण पुनी, तुझा कागद माझ्या खिशात होता. लाल पेनानं लिहिलेली ओळ मी रोज वाचत होतो. ते रुसलेले नाहीत हे त्या घरात फक्त मला नक्की माहीत होतं. आणि मी माळ्यावर चढलो, कारण मलाच पाहायचं होतं. दिवाळीपासून तो माणूस खोक्यातल्या वस्तूसारखा बसलेला बघत होतो. मला एकदा, शेवटचं, त्यांना तसं बघायचं होतं. आणि मोबाइल मी आधीच चार्ज केला होता, हेही लिहून टाकतो.

बॉल हातात दिल्यावर त्यांनी तो दोन्ही तळव्यांत फिरवला, नाकाला लावला. मग अंगणात आले. मोबाइल खांबाला टेकवून मी व्हिडिओ चालू केला. मी फेकला. डोक्यानं परत आला. माझ्या छातीवर, अगदी बरोबर, जसा सात वर्षांपूर्वी यायचा तसा. पुन्हा फेकला. सातव्या-आठव्यानंतर ते मोजायला लागले, त्यांच्या भाषेत, आणि हसले. दात दिसेपर्यंत. पुनी, ते मला "प्रेम" म्हणाले. "प्रेम, उंच." मी उंच फेकला. कामिनी रडत होती, आबा खाटेवर टाळ्या वाजवत होते. चाळीस झाल्यावर त्यांनी बॉल स्वतःच पकडला आणि थांबले. मी व्हिडिओ बंद केला.

आता यापुढचं मला लिहायचं नव्हतं. सकाळपासून ते टाळतोय.

ते निंबाखाली जाऊन बसले. भूमिका पाण्याचा तांब्या घेऊन गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्या लाल जर्सीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नेरेआ."

भूमिका गोंधळली, माझ्याकडे बघायला लागली. मी हातानं खूण केली, बस, हो म्हण. मला वाटलं, मजा आहे, बरं वाटतंय त्यांना. त्यांनी तिचा हात धरून शेजारी बसवलं आणि बोलायला लागले. पुनी, वर्षभर ज्या माणसाच्या तोंडून त्या पाठ झालेल्या "कसं काय भाऊ"पलीकडे सलग चार शब्द निघाले नव्हते, तो माणूस पाऊण तास बोलत होता. स्पॅनिश नव्हतं ते. स्पॅनिश मला ऐकून ओळखू येतं आता. तू सांगितलं होतंस ना, नेरेआशी ते त्यांच्या आईच्या जुन्या भाषेत बोलतात, जी तुलाही येत नाही, आबांनी जिला "तेस्नी अहिराणी" नाव ठेवलं होतं. ती. मध्ये थांबत होते, हसत होते, तिच्या केसांवरून हात फिरवत होते. एकदा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले आणि मग परत बोलायला लागले. हातानं एवढंसं मूल चालतंय असं दाखवलं. भूमिका मान हलवत होती. दुसरं काय करणार होती ती?

आणि मी कुठे होतो? दहा पावलांवर, ओट्यावर. मी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकत होतो. वर काय लिहावं याचा विचार करत होतो. "आपले जावई, आजही तोच दम" असं लिहिलं. मोबाइल माझ्या हातात होता, चालू होता. त्याच हातानं मी नुसतं त्यांच्याकडे वळवला असता तरी झालं असतं. मला सुचलंच नाही. मला ते बोलणं म्हणजे आजारी माणसाची बडबड वाटली. त्या पोरीसाठी चौदा वर्षं मनात ठेवलेलं सगळं ते बोलून टाकताहेत, आणि ती पोर अजून तुझ्याबरोबर विमानाच्या तिकिटाची वाट बघतेय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. व्हिडिओ बघून लोक आले. अर्ध्या तासात अंगण भरलं. कोणी म्हणालं, आम्हाला पण दाखवा. कोणी मोजायला सुरुवात केली. उनाईराव लोक बघून उभे राहिले, त्यांना काय वाटलं असेल, आपलं मैदान वाटलं असेल. मी थांबवू शकत होतो. मी बॉल उचलला आणि फेकला. एकविसाव्याला त्यांनी उंच उडी घेतली, तुला माहीत असलेली ती, हात पसरून. खाली आले ते पायावर आले नाहीत. ओट्याच्या दगडी कडेवर मागून डोकं आपटलं. लोकांचं मोजणं पुढे दोन आकडे चालू राहिलं होतं.

—

गुरुवार, ११ जून. सकाळ.

काल पुढे लिहवलं नाही.

गावाहून त्यांना आधी शिरपूरला नेलं, तिथून धुळ्याला आणलं. त्याच रात्री डोक्याचं ऑपरेशन झालं, रक्त काढलं. मंगळवारी शुद्धीवर आले. डोळे उघडतात, पाणी गिळतात. मी समोर गेलो तर बघतात, पण खिडकीकडे बघावं तसं. मी त्यांच्या खिशातला फोटो काढून समोर धरला. म्हटलं, नेरेआ. बोटं दाखवली, तीन. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. काल दोनदा, आज सकाळी पुन्हा. नाव घेतल्यावर चेहऱ्यावर काही हललं नाही. डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ आहेत, फिरवून बोलले नाहीत. म्हणाले, होतं ते परत येईल असं धरून चालू नका. बोलणंही बहुधा येणार नाही. मी विचारलं, बॉलमुळे का? ते म्हणाले, पडल्यामुळे, आणि झिजलेल्या मेंदूला एवढा मार पुरतो. म्हणजे दोन्हीकडून मीच.

तू सोमवारी व्हिडिओ कॉल केलास, मी नेटवर्क नाही म्हणालो. मंगळवारी म्हणालो, झोपलेत. काल नेरेआ स्वतः तुझ्या फोनवर आली, मराठीत "मामा, नमस्कार" म्हणाली, कोणी शिकवलं तिला? मी म्हणालो, ये बाळा, पप्पा वाट बघताहेत. फोन ठेवल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. जिथे तुम्ही होतात तिथून तुला काही करता आलं नसतं, तुझा प्रवास नासला असता, ही सगळी कारणं माझ्याकडे तयार आहेत. खरं कारण, मला तोंड नव्हतं.

आबांनी तेव्हापासून चहासुद्धा सोडलाय. ते अंगठीचं पुन्हा पुन्हा काढतात. "तवय भी आमले समजनं नही," एवढंच म्हणतात. तो बॉल कामिनीनं विळ्यानं चिरून उकिरड्यावर टाकला. मी अडवलं नाही.

आता एक शेवटचं. यासाठीच खरं तर हे पत्र.

भूमिका रविवारपासून कोणाशी बोलत नव्हती. तिला वाटतं तिच्यामुळे झालं, ती हो म्हणाली म्हणून. काल संध्याकाळी ती बसनं एकटी इथे आली आणि वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. तिनं आठवून आठवून, निंबाखाली ऐकलेलं, कानाला जसं लागलं तसं आपल्या अक्षरात लिहून काढलंय. पाऊण तासातलं जमलं तेवढं. सव्वा पान. मध्ये मध्ये जागा सोडल्या आहेत, तिथे आठवलं नाही म्हणून. काही शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत, "माइते" असा एक तीन ठिकाणी आहे, त्याला तिनं खाली रेघ मारली आहे, कारण ते म्हणताना ते थांबत होते, म्हणाली. एका ओळीपुढे कंसात लिहिलंय, इथे रडले. एके ठिकाणी, इथे माझी वेणी धरली.

त्याचा अर्थ मोबाइलला विचारता आला असता. भूमिका म्हणाली पण, पप्पा विचारू का? मी नको म्हणालो. त्या पोरीचं जे होतं ते आधीच आपल्या अंगणात सांडलं, आता त्यातलं उरलेलंही आपण आधी चाखून बघायचं का? मी ते पान दुमडून वेगळ्या पाकिटात घातलंय. तुझ्या पत्राबरोबर आहे.

नेरेआला आपली अक्षरं वाचता येणार नाहीत, आणि तुला ती भाषा येत नाही. म्हणून तूच वाच तिच्यासमोर, मोठ्यानं, सावकाश, जसं लिहिलंय तसं. तुला कळणार नाही तू काय बोलतेयस. तिला कळेल. सगळं नाही, पण कळेल. दवाखान्यात नेण्याआधी वाच. आधी तिला तिच्या बापाचं ऐकू दे, मग त्याला बघू दे.

मी दवाखान्याच्या फाटकात उभा असेन. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल, पोरीचा हात धरून सरळ आत जा, दुसरा मजला, उजवीकडे. तिला मी काय सांगावं ते मला सुचलेलं नाही. तू सांगशील ते मी तिच्यासमोर कबूल करेन.

आणि कामिनी तुला भेटल्या भेटल्या सांगेल की मी रविवारपासून जेवत नाही, तुम्ही समजूत काढा. येऊ नकोस समजूत काढायला. मी रुसलेलो नाही, पुनी. मला सगळं आठवतंय.

प्रेमराज